मिसिसिपीत मताधिकार कसा गेला आणि गरिबी कशी टिकली

प्रश्न दुहेरी आहे. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली संपली आणि १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. तरीही मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना १९६०च्या दशकापर्यंत मतदान का करता येत नव्हते? आणि एके काळी कापसाच्या जोरावर श्रीमंत असलेले हे राज्य आज अमेरिकेतील सर्वांत गरीब राज्यांत का मोडते? उत्तर आणि दक्षिणेतील राज्यांत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धातील हानीतून ते सावरलेच नसावे, असा अंदाजही प्रश्नकर्त्यांनी सोबत दिला आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेचा इतिहास शिकवताना हा अंदाज मी विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकत आलो आहे, आणि तो निराधार नाही. १८६३ साली ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग शहर उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडले तेव्हा राज्याचा मोठा भाग उजाड झाला होता. १८६६ साली राज्याच्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा अपंग सैनिकांच्या कृत्रिम हातापायांवर खर्च झाला. परंतु युद्धाने मोडलेले प्रदेश दोन पिढ्यांत पुन्हा उभे राहिल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. मिसिसिपी उभे राहिले नाही याचे कारण युद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत, विशेषतः १८७५ ते १८९० या काळात, तेथे जाणीवपूर्वक उभारलेल्या व्यवस्थेत सापडते. मत काढून घेणे आणि मजूर स्वस्त ठेवणे ही त्या व्यवस्थेची दोन अंगे होती. म्हणून प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर मी एकत्रच देणार आहे.

हे राज्य १८१७ साली संघराज्यात आले तेव्हा त्याची बहुतेक भूमी चॉक्टॉ आणि चिकासॉ या मूळ रहिवाशांच्या ताब्यात होती. १८३० आणि १८३२ च्या करारांनी ती त्यांच्याकडून घेतली गेली, त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले, आणि मोकळ्या झालेल्या सुपीक जमिनीवर कापूस लावण्यासाठी व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतून गुलाम विकत आणले गेले. नॅचेझ गावाबाहेरचा गुलामांचा बाजार दक्षिणेतील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक होता. १८६० च्या जनगणनेत राज्याच्या ७,९१,३०५ लोकसंख्येपैकी ४,३६,६३१ माणसे गुलाम होती, म्हणजे दर शंभरांत पंचावन्न. ज्या श्रीमंतीचा उल्लेख प्रश्नात आहे, तिच्या हिशेबात ही माणसेच मालमत्ता म्हणून धरलेली होती. कारखाने, शाळा किंवा शहरे यांत पैसा गुंतलेला नव्हता. जानेवारी १८६१ मध्ये संघराज्यातून फुटताना मिसिसिपीने जे कारणपत्र प्रसिद्ध केले, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे स्वच्छ म्हटले आहे. युद्ध गुलामगिरीवरून झाले की राज्यांच्या अधिकारांवरून, असा वाद आजही घातला जातो. त्यात पडण्यापूर्वी हे कारणपत्र वाचावे.

या कापसाचा आपल्याकडच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा मळेवाले भारतात आणले होते, आणि तिकडच्या लांब धाग्याचे वाण धारवाड भागात रुजले. पुढे युद्धात दक्षिणेची बंदरे अडवली गेल्यावर मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आकाशाला भिडले, वऱ्हाडातील काळी जमीन कापसाखाली आली, आणि १८६५ साली युद्ध संपताच मुंबईतील सट्टा कोसळला. मुंबईच्या आर्थिक इतिहासात ही घटना सांगितली जाते, पण नाण्याची दुसरी बाजू असलेल्या मिसिसिपीत त्याच वर्षी काय चालले होते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

नोव्हेंबर १८६५ मध्ये, पराभवाला सहा-सात महिने झालेले असताना, तेथील विधिमंडळाने मुक्त झालेल्या गुलामांसाठी कायद्यांचा एक संच मंजूर केला. त्यांना लग्न करता येईल, न्यायालयात दाद मागता येईल, वस्तू विकत घेता येतील. परंतु शहराबाहेर जमीन भाड्याने किंवा खंडाने घेता येणार नाही. दरवर्षी जानेवारीत आपल्याला काम आणि राहण्याची जागा असल्याचा लेखी पुरावा प्रत्येकाजवळ असला पाहिजे. वर्षाचा करार पुरा होण्याआधी मालकाला सोडणाऱ्याची तोवरची सगळी मजुरी बुडेल, आणि त्याला पकडून परत आणणाऱ्यास पाच डॉलर व मैलामागे दहा सेंट मिळतील. जमीन मिळू न देणे आणि माणसाला हलू न देणे, ही दोन सूत्रे येथे पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत दिसतात. संघराज्य सरकारने ते कायदे टिकू दिले नाहीत, पण ही सूत्रे पुढच्या शंभर वर्षांत वेगवेगळ्या रूपांत परत परत आली.

मधली काही वर्षे खरोखर निराळी होती, आणि ती विसरली जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. संघराज्याच्या सैन्याच्या संरक्षणाखाली १८६८ साली नवी राज्यघटना तयार झाली. मतदारांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. राज्यभर सार्वजनिक शाळांची व्यवस्था प्रथमच उभी राहिली, आणि तिचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. हायरम रेव्हेल्स १८७० साली अमेरिकेच्या सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, त्यांच्यानंतर काही वर्षांनी ब्लँच ब्रूस यांनी सहा वर्षांची मुदत पूर्ण केली, दोघेही मिसिसिपीचे. त्यांच्यानंतर कोणत्याही राज्यातून कृष्णवर्णीय सिनेटर येण्यास १९६७ साल उजाडावे लागले. जॉन लिंच हे गुलाम म्हणून जन्मलेले गृहस्थ वयाच्या पंचविशीच्या आत राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांच्या कार्याचे फळ त्या वर्षी मिसिसिपीत प्रत्यक्ष दिसत होते. त्यानंतर दोनच वर्षांत ते उद्ध्वस्त झाले.

१८७५ च्या निवडणुकीत गोऱ्या डेमोक्रॅटांनी सशस्त्र टोळ्या काढल्या, सभा उधळल्या, कार्यकर्त्यांना ठार मारले. क्लिंटन गावी सप्टेंबरात प्रचारसभेवरून सुरू झालेला हिंसाचार कित्येक दिवस चालला. राज्यपाल अडेल्बर्ट एम्स यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे सैन्य मागितले. दक्षिणेतील या नेहमीच्या उद्रेकांना जनता कंटाळली आहे, असे उत्तर आले आणि सैन्य आले नाही. कृष्णवर्णीय मतदारांची मोठी बहुसंख्या असलेल्या याझू काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) रिपब्लिकन पक्षाला त्या वर्षी एकूण सात मते पडली. पुढच्या वर्षी एम्स यांना महाभियोगाचा धाक दाखवून राजीनामा देण्यास भाग पाडले गेले.

बहुतेक वर्णने येथे थांबतात आणि मताधिकार दहशतीने गेला असे सांगून पुढे सरकतात. माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट १८९० साली घडली. बंदुकीने मिळवलेली सत्ता दर निवडणुकीला बंदुकीनेच राखावी लागते, त्यात बदनामी होते आणि वॉशिंग्टनचे लक्ष वेधले जाते. म्हणून त्या वर्षी राजधानी जॅक्सन येथे नवी राज्यघटना लिहिण्यासाठी परिषद बोलावण्यात आली. १३४ प्रतिनिधींपैकी कृष्णवर्णीय एकच होते. पंधराव्या दुरुस्तीमुळे वर्णाचा उल्लेख करणे शक्य नव्हते, म्हणून तो कोठेही केला गेला नाही. मतदाराने राज्यात दोन वर्षे वास्तव्य केलेले असावे. दोन डॉलरची वार्षिक डोईपट्टी आधीच्या दोन वर्षांसाठी, ठरलेल्या तारखेपूर्वी भरलेली असावी आणि तिच्या पावत्या जवळ असाव्यात. आणि त्याला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता यावे, किंवा वाचून दाखवले असता त्याचा समर्पक अर्थ सांगता यावा. अर्थ समर्पक आहे की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवणार होता. ही घटना जनतेच्या मताला टाकलीच गेली नाही. परिषदेनेच ती लागू केली. दोन वर्षांनी नोंदणीत दीड लाखांच्या आसपास पात्र कृष्णवर्णीय पुरुषांपैकी नऊ हजारही उरले नव्हते. डोईपट्टीने हजारो गरीब गोरेही यादीतून गळाले, आणि मळेवाल्यांना त्याची विशेष खंत नव्हती.

मताधिकार कायमचा गमावण्यास कारणीभूत ठरणाऱ्या गुन्ह्यांची एक यादीही या घटनेत होती. तिच्यात चोरी, घरफोडी, जाळपोळ, खोटी साक्ष, दुसरे लग्न इत्यादी गुन्हे होते. खून आणि बलात्कार मात्र नव्हते. याचा उलगडा १८७६ च्या एका कायद्याने होतो, ज्याने दहा डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या वस्तूची किंवा कोणत्याही डुकराची वा गुराची चोरी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासास पात्र ठरवली होती. त्या कायद्यानंतर वर्षभरातच तुरुंगातील कैदी १८७४ च्या जवळपास चौपट झाले होते, आणि ते मळ्यांना व रेल्वेला भाड्याने दिले जात. उपाशी माणसाने उचललेले डुक्कर आता त्याला आयुष्यभर मतापासून दूर ठेवू शकत होते. कृष्णवर्णीयांकडून जे गुन्हे होतात असे परिषदेला वाटत होते तेच तिने निवडले, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ च्या निकालात उघडपणे नमूद केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली ही घटना वैध ठरवली, कारण कागदावर ती सर्वांना सारखी होती. दक्षिण कॅरोलिना, लुइझियाना, अलाबामा, व्हर्जिनिया यांनी हाच नमुना उचलला.

परिषदेतील त्या एकमेव कृष्णवर्णीय प्रतिनिधीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आयझाया माँटगोमेरी हे बंडखोर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या भावाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले. युद्धानंतर त्यांच्या वडिलांनी तोच मळा तीन लाख डॉलरना विकत घेतला आणि पुढे गमावला. १८८७ साली आयझाया यांनी डेल्टाच्या जंगलात माउंड बायू हे केवळ कृष्णवर्णीयांचे गाव वसवले. आणि १८९० साली आपल्याच लोकांचे मत काढून घेणाऱ्या घटनेच्या बाजूने त्यांनी भाषण केले व मतही दिले. गुलामगिरीतून निसटून कृष्णवर्णीयांचे अग्रगण्य नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी त्यांची कठोर निंदा केली. माँटगोमेरी यांना वाटले असावे की मत सोडले तर जमीन व शांतता तरी मिळेल. परिषदेवर निवडून येण्यासाठी उभे राहिलेल्या मार्श कुक या गोऱ्या रिपब्लिकनाचा त्याच वर्षी प्रचारादरम्यान खून झाला होता, हे लक्षात घेतले तर त्या भीतीचे वजन कळते. तरीही त्यांचा हिशेब चुकला, कारण मत गेल्यावर जमीन आणि शांतता राखण्याचे साधनच उरले नाही.

डेल्टा म्हणजे मिसिसिपी आणि याझू नद्यांमधला सपाट, गाळाचा पट्टा. तो मुख्यतः युद्धानंतर, जंगल तोडून आणि बांध घालून लागवडीखाली आला. म्हणजे तेथील मळे हे जुन्या गुलामगिरीचे अवशेष नव्हेत, नव्या व्यवस्थेची निर्मिती होत. शेती अर्धेलीने चाले. मालक जमीन, घर, खेचरे आणि अवजारे देई; मार्चपासून कुटुंबाला मळ्याच्या दुकानातून उचल मिळे, तीवर जबर व्याज लागे; कापूस मालकच विकी आणि नाताळच्या सुमारास हिशेब सांगे. वही मालकाची, भाव मालकाचा, आणि हिशेब मागणाऱ्या कुळाला न्याय देणारे न्यायालय मालकाच्या मतांवर निवडलेले. ऊसतोड मजुरांची उचल आणि मुकादमाचा हिशेब ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की येथे तक्रार करणाऱ्याचा जीव जाऊ शकत असे. १८८२ ते १९६८ या काळात जमावाने ठार मारलेल्यांची नोंदलेली संख्या मिसिसिपीत ५८१ आहे, देशात सर्वाधिक. १९२७ च्या महापुरात ग्रीनव्हिल येथे हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे बांधावर अडकली. त्यांना बोटींनी सुरक्षित ठिकाणी नेता आले असते, पण एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत या भीतीने मळेवाल्यांनी ते होऊ दिले नाही. त्याच वर्षी, रोझडेलच्या एका चिनी दुकानदाराच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत बसू न देण्याचा राज्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

व्यवस्थेचे सारे भाग एकत्र पाहायचे असतील तर मी सनफ्लॉवर काउंटीकडे बोट दाखवतो. पार्चमन हा सरकारी मळा-तुरुंग याच काउंटीत. सिनेटर जेम्स ईस्टलँड यांचा हजारो एकरांचा मळा येथेच. मोजक्यांच्या मतांवर ते पुन्हा पुन्हा निवडून येत, ज्येष्ठतेमुळे १९५६ पासून सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले आणि नागरी हक्कांची विधेयके तेथे अडवत राहिले. शाळांतील वर्णभेद अवैध ठरवणारा १९५४ चा निकाल लागल्यावर दोन महिन्यांत गोऱ्यांची पहिली ‘नागरिक परिषद’ स्थापन झाली तीही येथील इंडियानोला गावी. जो मतदार नोंदणीला जाईल त्याची नोकरी, कर्ज आणि घर काढून घेणे हे तिचे मुख्य शस्त्र होते.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू हेमर आणि इतर सतरा जण रूलव्हिलहून २६ मैलांवरील इंडियानोलाच्या न्यायालयात नोंदणीसाठी गेले. हेमर ४४ वर्षांच्या होत्या, अठरा वर्षे एकाच मळ्यावर राबत होत्या, आणि आपल्याला मताधिकार आहे हे त्यांना नुकतेच कळले होते. त्यांना घटनेतील एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहिण्यास सांगितले गेले; त्या अनुत्तीर्ण झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग फार पिवळा असल्याचे कारण देऊन चालकाला दंड केला. घरी पोहोचेपर्यंत मळेवाल्याला बातमी कळलेली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने सांगितले, आणि हेमर यांनी त्याच रात्री मळा सोडला. काही दिवसांनी त्या ज्या घरी राहत होत्या तेथे गोळीबार झाला. पुढच्या खेपेस परीक्षेत उत्तीर्ण होऊन त्यांची नोंदणी झाली. तरीही मत देता आले नाही, कारण दोन वर्षांच्या डोईपट्टीच्या पावत्या त्यांच्याजवळ नव्हत्या. १८९० साली लिहिलेले वाक्य ७२ वर्षांनंतरही आपले काम चोख बजावत होते. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे याहून नेमके उत्तर मला देता येणार नाही.

१९६४ साली राज्यात पात्र कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के मतदार म्हणून नोंदलेले होते. त्या उन्हाळ्यात नोंदणीच्या मोहिमेतील तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला. १९६५ च्या मताधिकार कायद्याने वाचनाच्या परीक्षा स्थगित केल्या आणि नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठवण्याची सोय केली. १९६७ पर्यंत हे प्रमाण ५९.८ टक्क्यांवर पोहोचले. कृष्णवर्णीयांना राजकारणात रस नव्हता, असे तेथील गोरे पुढारी सत्तर वर्षे सांगत आले होते. त्यांचे म्हणणे दोन वर्षांत खोटे ठरले.

आता गरिबीविषयी. ज्या राज्याचे सारे अर्थकारण स्वस्त आणि बांधलेल्या मजुरावर चालते, त्याला शिकलेला मजूर नकोच असतो. शाळेची सक्ती करणारा कायदा मिसिसिपीने १९१८ साली, सर्व राज्यांच्या शेवटी केला. आणि शाळांत कृष्णवर्णीय मुले घ्यावी लागतील असे दिसताच १९५६ साली तो रद्दही केला. ती सक्ती १९८२ साली पूर्ववत झाली. म्हणजे एक अख्खी पिढी अशी वाढली जिला शाळेत पाठवण्याचे बंधन कायद्याने कोणावरही नव्हते, आणि तिच्यात गोरी मुलेही होती. १९६९ च्या निकालाने वर्णभेद तत्काळ संपवण्याचा आदेश आल्यावर डेल्टातील गोऱ्या कुटुंबांनी खासगी शाळा काढल्या आणि सार्वजनिक शाळांवरील त्यांची आस्थाच संपली. दुसरीकडे, जे जाऊ शकत होते ते इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला निघून गेले. १९३० साली निम्म्याहून किंचित अधिक असलेली कृष्णवर्णीयांची संख्या आज ३८ टक्क्यांच्या आसपास आहे.

यात काळाचा एक क्रूर योग आहे. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर ऑक्टोबर १९४४ मध्ये कापूस वेचणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. हाताने गाठभर कापूस वेचण्यास सुमारे ३९ डॉलर लागत, यंत्राने सव्वापाच. १९६७ साली शेतमजुरांना ताशी एक डॉलर किमान वेतन लागू झाले आणि मळेवाल्यांनी उरलेसुरले मजूरही काढून टाकून यंत्रे व तणनाशके आणली. त्याच वर्षी डेल्टात आलेल्या सिनेटर रॉबर्ट केनेडी यांना अन्नावाचून फुगलेल्या पोटांची मुले दिसली, आणि त्याच वर्षी सिनेटर ईस्टलँड यांच्या मळ्याला केंद्राकडून एक लाख डॉलरहून अधिक शेती-अनुदान मिळाले. मत परत मिळाले त्याच दशकात काम गेले. हाती ना जमीन, ना शिक्षण, ना दुसरा उद्योग. आणि १९३०च्या दशकापासून राज्याने आणलेले कारखानेही स्वस्त मजुरीच्या आमिषानेच आलेले होते. आजची गरिबी ही या साऱ्याची बेरीज आहे. ती अटळ नव्हती आणि नाही, असे मी ठामपणे म्हणतो: २०१३ च्या वाचनविषयक कायद्यानंतर मिसिसिपीची चौथीची मुले राष्ट्रीय वाचनचाचणीत तळाच्या राज्यांतून वर आली, आणि २०२४ साली त्यांची सरासरी देशाच्या सरासरीपेक्षा अधिक होती.

प्रश्नकर्त्यांनी शेवटी विचारले आहे की कृष्णवर्णीयांचे प्रमाण सर्व राज्यांत मिसिसिपीत सर्वाधिक असूनही राज्यव्यापी पदावर त्यांच्यातील कोणी का निवडून येत नाही. १८७०च्या दशकानंतर असे कोणीही निवडून आलेले नाही, हे खरे आहे. मतदान वर्णानुसार विभागलेले असणे हे मुख्य कारण. पण १८९० च्या घटनेत आणखी एक अडसर होता. राज्यव्यापी पदासाठी एकूण मतांचे बहुमत पुरेसे नव्हते, प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांपैकीही बहुसंख्य जिंकावे लागत. ही अट मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये रद्द केली, आणि त्याच मतदानात बंडखोरांच्या चिन्हाच्या १८९४ च्या ध्वजाऐवजी नव्या ध्वजाला संमती दिली. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या दुरुस्तीला मिसिसिपीने १९९५ साली मान्यता दिली होती, पण तिची कागदपत्रे वॉशिंग्टनला पोहोचलीच नव्हती. ही त्रुटी भारतातून तेथे स्थायिक झालेल्या एका प्राध्यापकाच्या चौकसपणामुळे उघडकीस आली आणि २०१३ साली दूर झाली. गुन्ह्यांची ती यादी मात्र अजून घटनेत आहे. घरफोडी १९५० साली वगळली गेली, खून आणि बलात्कार १९६८ साली जोडले गेले, बाकीची तशीच राहिली. २०२४ साली संघीय अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या व्यक्तीला मत परत हवे असेल तर तिच्या एकटीच्या नावाचे विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावे लागते, किंवा राज्यपालांनी माफी द्यावी लागते.